आधी मिस्त्री, मग गाडी

जुनी गाडी घ्यायची ठरली की लोक मोबाईल उघडून गाड्या बघत बसतात. रंग बघतात, क्रोमचे बंपर बघतात, व्हिडिओत इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकतात. माझं सांगणं असं की गाडी राहू द्या बाजूला, आधी मिस्त्री बघा. घरापासून रिक्षानं जाता येईल इतक्या अंतरावर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलून परत नीट बसवणारा माणूस आहे का? असेल तर त्याच्याकडे जाऊन चहा प्या आणि त्याचा हात कोणत्या गाडीवर बसलाय ते विचारा. तो सांगेल ती तुमची पहिली गाडी. असा माणूस सापडतच नसेल तर हा नाद सध्या सोडा. शोरूममध्ये जा, वॉरंटीवाली गाडी घ्या आणि सुखात राहा.

माझे मिस्त्री म्हणजे चाचा, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात बसतात. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पान्यांची पेटी आणि भिंतीला टांगलेले फॅन बेल्ट. शुक्रवारी बंद. सगळी हयात फियाटवर गेली. माझी पद्मिनी, म्हणजे फियाटच, त्यांच्याकडे पहिल्यांदा नेली तेव्हा ती चढावर झटके देत होती. त्यांनी सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतले पॉइंट नखानं खरवडले आणि बोटावर आलेली काळी पूड मला दाखवली. मग पॉलिश पेपरची बारीक घडी पॉइंटांच्या मधून ओढली. शर्टाच्या खिशातून कुणा मंडपवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड काढलं, फटीत सरकवलं, स्क्रू आवळला आणि कार्ड हळूच ओढून पाहिलं. जरासं अडकत बाहेर आलं. "हो गया." फट मोजायचं फीलर गेज पेटीत होतं, तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, पण ते शिकाऊ पोरांसाठी. गाडी पुढे झटके द्यायची थांबली. हेच काम एखाद्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगून बघा, तिथला मुलगा स्कॅनर लावायला सॉकेट शोधत फिरेल.

तर गाड्यांकडे येऊ. आपल्याकडे छोट्या जुन्या गाडीचे खरे उमेदवार दोनच, फियाट आणि मारुती ८००. फियाट म्हणजे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेली ११००. १९६४ साली ती 'डिलाइट' म्हणून आली, सत्तरच्या दशकात तिची प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास ती बंद पडली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गेअरचा दांडा स्टेअरिंगला. शेवटच्या शेवटच्या गाड्यांत तो दांडा खाली जमिनीवर आला. त्याआधीची गोलमटोल 'डुक्कर फियाट', जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, ती आता संग्राहकांच्या हातात गेली आहे. पहिल्या गाडीसाठी तिच्या वाटेला जाऊ नये.

मारुतीची पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पुढची चाकं ओढणारी. पहिलं चौकोनी रूप १९८६ पर्यंत चाललं. नंतर नवी बॉडी आली आणि तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या जानेवारी २०१४ पर्यंत कारखान्यातून निघत राहिल्या. देशात पंचवीस लाखांच्या वर विकल्या गेल्या. आठशेला क्लासिक म्हटलं की फियाटवाले हसतात. हसू द्या. कार्बोरेटरच्या काळातली, रंग न बदललेली, एका हातची आठशे आज शोधायला गेलात की कळतं, नीट राहिलेल्या किती थोड्या आहेत. पहिल्या चौकोनी मॉडेलचं तर विचारूच नका.

रोज चालवायची असेल तर आठशे घ्यावी. हात काळे करायची हौस असेल तर फियाट. माझा कौल फियाटला, पण त्यात लहानपणाचाही वाटा आहे. आमच्या तालुक्याच्या गावी फियाट म्हणजे डॉक्टरांची. ती बोळात वळली की कुणाच्या घरी काय झालं असेल याचा अंदाज बायका दारातूनच बांधायच्या.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, घर लातूरला. त्याच्या मनात स्टँडर्ड हेरल्ड भरली होती. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची ती गाडी देखणी आहे यात वादच नाही, अख्खं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट उचललं जातं आणि इंजिन पूर्ण उघडं पडतं. खाली वेगळी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यामुळे पक्की वाटते. पण लातुरात तिचा एखादा रबरी बुश फाटला तर काय करणार, हा प्रश्न मी त्याला विचारला. "ऑनलाइन मागवू, मावशी." साठच्या दशकातल्या गाडीचे सुटे भाग ऑनलाइन येतात, हे खरं. आलेला भाग बसत नाही, हे तो मागवल्यावर कळतं. मग गाडी पत्र्याखाली उभी राहते, तिच्यावर शेजाऱ्यांची वाळवणं पडतात. हेरल्ड दुसरी गाडी म्हणून घ्यावी. पहिली गाडी अशी हवी की तिचा बिघाड दुपारी सांगितला तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी म्हणेल, "आहे एक पडलेला माझ्याकडं, उद्या या."

सुटे भाग अजिबात मिळालेच नाहीत तरी आपल्याकडे एक सोय आहे जिची किंमत पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना कळत नाही. चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत मोठ्या कारखान्यांसाठी काम करणारी टर्निंगची लहान वर्कशॉपं आहेत. झिजलेला बुश नमुना म्हणून नेऊन द्या, लेथवाला पितळेचा नवा करून देतो. त्याला गाडी कोणती याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त माप हवं. माझ्या गेअरच्या जोडदांड्यांचे बुश असेच झालेत. पहिला गेअर टाकताना आधी दांडा बरणीतल्या लोणच्यात पळी फिरवल्यासारखा फिरायचा, आता टक्क लागतो.

गाडी बघायला जाताना मी नवऱ्याला घेऊन जाते, ते एका गमतीसाठी. विकणारा सगळं त्यालाच सांगतो. इंजिन कसं एकदम ओके आहे, सिलिंग कसं कंपनीचं आहे. नवऱ्याला बॉनेटचा खटका कुठे असतो हेही ठाऊक नाही. तो मान डोलावत राहतो आणि तेवढ्या वेळात मी गाडीखाली वाकून सगळं बघून घेते.

बघायचा असतो तो पत्रा. चाचांचं एकच वाक्य आहे, "रंग को नक्को देखो बेटा, पत्रे को देखो." इंजिनाचं काम कितीही खर्चाचं असलं तरी ते होतं. सिलिंडरला बोअर मारून मिळतो, रिंगा मिळतात, हेड घासून मिळतं. सडलेला पत्रा म्हणजे गाडीच गेली, कारण फियाटलाही आणि मारुतीलाही वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. आणि इथे आपला कोरडेपणा उपयोगी पडतो. मराठवाड्याच्या दुष्काळानं कुणाचं भलं केलं असेल तर ते जुन्या पत्र्याचं. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेली पद्मिनी वरून झगझगीत दिसते आणि तळ मात्र चाळणी झालेला असतो. बीडच्या किंवा परभणीच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली, रंग उडालेली, काचा मळलेली गाडी आतून धडधाकट निघते. म्हणून मी तर म्हणेन, गाडी शोधायला घाटाखाली उतरूच नका.

पत्रा बघायची रीत सोपी आहे. फ्रिजला लावायचं लोहचुंबक घ्या, रुमालात गुंडाळा म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि दाराच्या खालच्या पट्टीवरून, चाकाच्या कमानीवरून, रनिंग बोर्डवरून फिरवत न्या. जिथे ते धरणार नाही तिथे आत पुट्टी आहे. मग बोटाच्या पेरानं ठोका. पत्रा टणटण वाजतो, पुट्टी भिंतीसारखी बद्द. पायाखालची मॅट उचला, ड्रायव्हरकडची आणि शेजारचीही. स्टेपनी काढून डिकीचा तळ बघा, बॅटरीची बैठक बघा, मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेत त्या जागा टॉर्च मारून बघा. आठशेत पुढच्या सस्पेन्शनचे खांब वर जिथे बसतात तिथला पत्रा बघा. तिथं वेल्डिंगचे नवे डाग दिसले तर गाडी ठोकलेली तरी असते किंवा कुजलेली तरी. मुंबईहून आलेली पद्मिनी असेल तर डिकीच्या आणि दारांच्या कडेचं रबर थोडं उचला. खाली काळा रंग आणि छताला पिवळा निघाला तर ती टॅक्सी होती. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून निवृत्त टॅक्स्या खासगी गाड्या म्हणून नटून बाजारात येतच होत्या. टॅक्सी म्हणजे वाईट असं नव्हे, पण मग खासगीचा भाव देऊ नये.

जालन्याकडच्या एका गावात बघितलेली पद्मिनी अजून डोळ्यासमोर आहे. शेडमध्ये कडब्याशेजारी उभी. पत्रा लोखंडी पाट्यासारखा ठणठणीत. मागचं सीट उचललं तर खाली सरकीची टरफलं, सुतळीचे तुकडे आणि उंदरांनी कुरतडून पांढरी केलेली वायरिंग. वायरिंग हा खर्च नव्हे, निव्वळ कटकट आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन बसून नवी करतो. गाडी घेण्यासारखी होती. अडलं ते दुसरीकडेच, ते पुढे सांगते.

आपल्याकडे पत्रा टिकतो आणि रेडिएटर मरतो. त्याला कारण बोअरचं पाणी. वर्षानुवर्षं लोकांनी बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं, बाथरूमच्या नळावर चढतो तोच क्षार आत बारीक नळ्यांत बसतो. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, आत बोट फिरवा. पांढरा खर किंवा गंजाचा गाळ लागला तर रेडिएटरवाल्याचा खर्च धरून चाला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा हाच क्षार इंजिन तापवतो, हेड वाकतं, गॅस्केट उडतं. इंजिनात तेल ओतायचं झाकण काढून आतली बाजू बघायलाही विसरू नका. तिथे दुधाच्या सायीसारखा पांढरट थर असेल तर पाणी तेलात उतरलंय, पाया पडून निघून या. उन्हाळ्यात गरम इंजिन बंद केलं की इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी पुन्हा चालू होत नाही. त्यावर इथले जुने ड्रायव्हर इंजिनाच्या त्या पंपावर ओलं फडकं टाकतात, पाच-दहा मिनिटं थांबतात, निघतात. हा दोष नाही, हा ऋतू आहे. त्यासाठी किंमत कमी करायला सांगू नका.

बघायला जाताना वेळ कळवून जावं, पण थोडं लवकर पोचावं आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी तिला मनवून ठेवलंय. थंड गाडी चोक ओढून चालू होताना बघायची असते. मग फेरी. शहरातल्या शहरात फिरवून काही कळत नाही. गाडी इकडची असेल तर मी दौलताबादच्या बाजूला नेते, किल्ल्याच्या पुढे खुलताबादचा घाट लागतो. चढावर काटा किती चढतो ते बघायचं. वरून परत फिरायचं आणि उतारावर दुसऱ्या गेअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढून घ्यायचा. गेअर आपोआप निसटला तर गेअरबॉक्स झिजलाय. खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबायचा आणि आरशात बघायचं. मागे निळसर धुराचा लोट सुटला तर इंजिन तेल खातंय. ब्रेक मात्र सावकाश तपासा. चारही ड्रमच्या गाडीला नव्या गाडीसारखा ब्रेक लागेल या भरवशावर पुढच्या ट्रकच्या मागे राहू नका.

आता कागद. इथे माझा सूर बदलतो, कारण हौशी माणसं सगळ्यात जास्त इथेच बुडतात. जालन्याकडची ती पद्मिनी आजोबांच्या नावावर होती. आजोबा गेलेले. मुलं तीन, त्यांतला एक हैदराबादला, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. वावराची वाटणी जशी अडते तशीच ही गाडी अडलेली. मृत मालकाची गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते, त्याला फॉर्म ३१ आणि इतर वारसांची संमती लागते. मग कुठे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून ती तुमच्या नावावर. "तुम्ही घेऊन जा हो, कागदाचं बघू नंतर," असं धाकट्यानं सांगितलं तेव्हा आम्ही चहा संपवला आणि उठलो.

खासगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं. नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या चारचाकीसाठी ती १०,००० वर गेली. पर्यावरण कर वेगळा. मुदत संपल्यानंतर जितके महिने उशीर, तितके महिने ५०० रुपये विलंब शुल्क. शेडमध्ये पाच वर्षं मुदत संपून पडलेली गाडी 'फुकटात' मिळत असेल तर हे ३०,००० आधी मांडा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, फोटोवर विश्वास नको. गॅसचं किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का बघा. कर्जाचा बोजा उतरवलाय का बघा. बँक केव्हाच बंद झाली आणि बोजा तसाच, असंही आढळतं. गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून बघा. जुन्या आरसीबुकातल्या कित्येक गाड्या संगणकावर चढलेल्याच नाहीत, मग आधी आरटीओत बॅकलॉग नोंदीसाठी खेटे. नांदेडकरांना हैदराबादची गाडी जवळची वाटते, पण तिला तिकडची एनओसी, इकडचा कर आणि नवा नंबर. त्यात कमावलेलं सगळं जातं.

पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी २०,००० आणि मुदत दहा वर्षं. ऐकायला छान वाटतं. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढीच बाहेर काढायची. भाजी आणायला नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्यानं साधंच पासिंग ठेवावं.

किमतीबद्दल एवढंच की जालना जवळ आहे हे विसरू नये. तिथल्या सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्यांना भंगार लागतंच, त्यामुळे प्रत्येक मालकाला आपली गाडी किलोवर किती जाईल ते माहीत असतं. ती खालची रेघ. वरची रेघ मालकाच्या आठवणी ठरवतात आणि तिला काही धरबंध नसतो. मी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबते, आणि दिलेल्या किमतीच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवते. टायर नवे वाटले तरी त्यांच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उभ्या गाडीचे टायर न झिजताच म्हातारे होतात.

आणि पेट्रोल. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. आपल्याच लातूर-धाराशिवच्या ज्या उसावरून पाण्यासाठी एवढी भांडणं झाली, त्याचाही थोडा अंश माझ्या टाकीत येत असणार. या गाड्या बनवल्या तेव्हा असं पेट्रोल कुणाच्या मनातही नव्हतं. जुने रबरी पाईप फुगतात किंवा तडकतात, इंजिनाच्या पंपातला पडदा जातो, आणि उभ्या टाकीत पाणी धरतं. म्हणून गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात पेट्रोलचे सगळे पाईप इथेनॉल चालणारे टाका, त्या पंपाचं किट बदला, चढावर गाडी मरतुकडी वाटली तर मिस्त्रीला कार्बोरेटरचा जेट बघायला सांगा. फाटलेला पाईप गरम सायलेन्सरवर ठिबकतो तेव्हा गाडी जळते. यात चालढकल नको.

भाच्यानं शेवटी हेरल्ड सोडली. फियाटही घेतली नाही, कारण लातुरात ज्या गॅरेजांत तो चहा पिऊन आला तिथं सगळ्यांचे हात मारुतीवर बसलेले निघाले. अंबाजोगाईच्या एका निवृत्त गुरुजींची नव्वदच्या दशकातली पांढरी आठशे मिळाली, एमएच २३, एकाच हातची, सर्व्हिसच्या पावत्या शाळेच्या वहीत डकवून ठेवलेल्या. टायमिंग बेल्ट, पाईप, मागचे ब्रेक आणि चारही टायर बदलून झालेत. आता सत्तरच्या वर स्टेअरिंग थरथरतं अशी त्याची तक्रार आहे. मिस्त्री म्हणतो चाकं बॅलन्स करून घे, आणि मी म्हणते सत्तरच्या वर जातोस कशाला.